मोठ्या टायपातलं मराठी पवित्र शास्त्र (बायबल): आईसाठी घेतलं, चौतिसाव्या स्तोत्रावर येऊन थांबलो

आधी सरळ सांगतो, घरात साठीच्या पुढचं कोणी असेल आणि जुनं बारीक अक्षरांचं पवित्र शास्त्र नुसतं कपाळाला लावून परत फळीवर ठेवलं जात असेल, तर हे मोठ्या टायपातलं घ्या, विचार करत बसू नका. मी आईसाठी घेतलं जूनमध्ये. आता पाच महिने रोज वापर झालाय, हॉस्पिटलात झालाय, घरी झालाय, एकदा पावसात पिशवीसकट भिजलंय पण, म्हणून लिहायला बसलो. पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येईल.

मी स्वतः बाइंडर आहे. लोअर परळच्या एका प्रेसमध्ये बावीस वर्षं बाइंडिंग खात्यात काढली, त्यामुळे पुस्तक हातात आलं की आधी कणा बघतो, मग वास घेतो, मजकूर सगळ्यात शेवटी. यावेळी मात्र उलटं झालं.

झालं असं की जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई मोरीत पाय सरकून पडली. वय शहात्तर. खुब्याचं हाड मोडलं. सरकारी हॉस्पिटलात नेलं, पाय वजनं लावून ताणून ठेवला, ऑपरेशनची तारीख मिळाली, मग शुगर वाढली म्हणून ती पुढे गेली, मग परत एकदा पुढे गेली. त्याच आठवड्यात प्रेसमध्ये सांगितलं की दिवाळीनंतर सगळं भिवंडीला शिफ्ट होणार, कोणाला घेणार कोणाला नाही ते नंतर बघू. मी रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर झोपायचो, झोपायचो म्हणजे पडून राहायचो, मोबाईल वाजला की छातीत धस्स व्हायचं, वाजला नाही तरी व्हायचं.

आईनं तिसऱ्या दिवशी मागितलं काय, तर तिचं पुस्तक. ते तिला लग्नात मिळालेलं, नगरहून आणलेलं, काळ्या रेक्झिनचं, कडा लाल रंगवलेल्या आणि आता त्या गुलाबी झालेल्या. नेऊन दिलं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला, त्यात वॉर्डातली ट्यूब अशी लुकलुकणारी. तिनं ते नाकापाशी नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं आणि मिटून छातीवर ठेवलं. म्हणाली, "राहू दे, मला बरंचसं पाठ आहे." ते बघवलं नाही मला. दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून फोर्टात गेलो.

दुकान लहान आहे, ख्रिस्ती पुस्तकांचं, एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर. काउंटरवरच्या काकांनी विचारलं कोणासाठी, मी म्हटलं आई, डोळे कमी झालेत. त्यांनी तीन वेगवेगळी काढून समोर उघडून ठेवली आणि म्हणाले, चष्मा काढा आणि हात लांब करून वाचा, जे वाचता येईल तेच न्या. दुकानदारानं असं सांगितलेलं मला पहिल्यांदाच ऐकायला मिळालं. पाचशेच्या दोन नोटा दिल्या, थोडे परत आले. कागदी पिशवी नको म्हणून त्यांनी स्वतःच प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिलं, बाहेर धो धो चालू होता.

आता मालाबद्दल. अक्षर साधारण चौदा पॉइंट असेल, काळं भरीव, ओळींमध्ये मोकळी जागा. जोडाक्षरं नीट उमटलीत, "ष्ट" आणि "ष्ठ" वेगळे कळतात, हे मुद्दाम सांगतो कारण स्वस्त छपाईत तिथेच चिखल होतो आणि म्हातारी माणसं तिथेच अडखळतात. कागद पातळ आहे, पातळच असणार, नाहीतर एवढा मजकूर एका पुस्तकात मावणार कसा, पण उजेडात मागच्या पानाची छपाई थोडी पुढे दिसते. आईला त्याचा त्रास झाला नाही, मला झाला, तो धंद्याचा दोष. बांधणी जुजबंदीची आहे, म्हणजे फर्मे दोऱ्यानं शिवलेत, नुसता डिंक नाही, म्हणून पुस्तक मधोमध उघडलं की उघडं राहतं. स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलातला स्तोत्रांचा भाग, बरोबर मध्यावर येते. अंथरुणात पडलेल्या माणसासाठी याचं मोल किती ते कळायला एक हात सलाईनला बांधलेला असावा लागतो.

तर त्या संध्याकाळी आईनं पुस्तक पोटावर घेतलं, चष्मा न लावता एक ओळ वाचली, थांबली, परत तीच वाचली आणि मला म्हणाली, "अरे, दिसतंय की." दोन मिनिटं ती पुढे वाचेचना, नुसती अक्षरावरून बोट फिरवत होती. पण वजन! पुस्तकाचं वजन मी नंतर प्रेसच्या काट्यावर केलं, पावणेदोन किलो. पोटावर ठेवलं की श्वास घेताना जड होतं म्हणाली, म्हणून मग वाचायचं काम माझ्याकडे आलं.

आणि तिनं सांगितलं, चौतीस काढ.

मी लहानपणापासून उपासनेत हे ऐकत आलोय. पाळकसाहेब वाचतात, मंडळी उभी असते, आपण पुढच्या बाकावरच्या पोराकडे बघत असतो. मोठ्यानं, दुसऱ्या माणसासाठी, एकेक शब्द जागेवर ठेवत मी ते आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो. स्तोत्राच्या वर बारीक अक्षरात एक ओळ असते, दावीदानं अबीमलेखासमोर वेड्याचं सोंग घेतलं आणि त्यानं त्याला हाकलून दिलं, त्यावेळचं हे. मी ती सोडून पुढे जायला लागलो तर आईनं थांबवलं. "वरचं पण वाच. तेच महत्त्वाचं आहे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही गोष्ट बायबलातल्या पहिला शमुवेल या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. तिथे राजाचं नाव आखीश आहे, अबीमलेख हे बहुतेक पलिष्ट्यांच्या, म्हणजे इस्राएलाच्या शत्रूंच्या, राजांचं पद असावं असं सांगतात. इस्राएलाचा राजा शौल दावीदाच्या जिवावर उठलाय. दावीद पळतोय, पोटात अन्न नाही, नोबला याजकाकडे जातो तर तिथे फक्त समर्पित भाकरी आहेत, त्याच खातो. हत्यार नाही, तर त्यानंच पूर्वी मारलेल्या पलिष्टी योद्ध्याची, गल्याथाची, तरवार तिथे ठेवलेली असते ती घेतो. आणि पळून जातो कुठे, तर गथला. गल्याथाच्याच गावाला! तिथले लोक ओळखतात, अरे हा तोच ना, ज्याची गाणी बायका म्हणतात, शौलानं हजार मारले आणि दावीदानं दहा हजार. तेव्हा दावीद फार घाबरला असं तिथे सरळ लिहिलंय. मग तो वेड्याचं सोंग घेतो, फाटकाच्या दारांवर ओरखडे काढत बसतो, दाढीवर लाळ गाळतो. राजा म्हणतो, माझ्याकडे वेड्यांची कमी आहे का म्हणून याला आणलात. हाकलून देतात आणि तो वाचतो.

हा इस्राएलाचा पुढचा राजा बरं का. आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा दिवस. आणि या दिवसावर त्यानं स्तोत्र रचलं ते सुरू कसं होतं, तर मी परमेश्वराचा धन्यवाद सदा करीन, प्रत्येक वेळी त्याची स्तुती माझ्या तोंडी असेल. ज्या तोंडातून लाळ गळत होती त्याच तोंडी. हे मला त्या वॉर्डात, हातात पुस्तक धरून वाचताना कळलं. पाचव्या वचनात तो म्हणतो, जे त्याच्याकडे बघतात त्यांची तोंडं उजळतात, त्यांना लाजायची पाळी येत नाही. हे ज्याला तोंड लपवायची वेळ आली होती तो म्हणतोय.

पण मला खरं धरून ठेवलं ते चौथ्या वचनानं. तिथे तो म्हणतो की मी परमेश्वराला शोधलं आणि त्यानं माझ्या सगळ्या भयांपासून मला सोडवलं. भयांपासून. संकटांतून सोडवल्याचं पुढे सहाव्यात येतं, परत सतराव्यात, परत एकोणिसाव्यात. पहिलं भय. मी आईला म्हटलं, अगं क्रम बघ. ती म्हणाली, हो मग, गथमधून बाहेर पडला तरी शौल मागे होताच ना, संकट कुठे संपलं होतं. आणि हे खरंच आहे, पुढचा अध्याय काढून बघा, तो तिथून अदुल्लामच्या गुहेत जाऊन राहतो, अजून बरीच वर्षं पळायचं बाकी आहे. त्या गुहेत त्याच्याकडे कोण कोण जमा होतात, तर अडचणीत सापडलेले, कर्जबाजारी झालेले आणि मनानं त्रासलेले, असे सुमारे चारशे लोक. कर्जबाजारी हा शब्द वाचला आणि मला माझा हप्ता आठवला, पाच तारखेचा. म्हटलं चारशे एकावा मी.

त्या रात्री बाकड्यावर पडलो तेव्हा ऑपरेशनची नवी तारीख अजून मिळाली नव्हती, भिवंडीचं काही कळलं नव्हतं, हप्ता होता तसाच होता. पण मी झोपलो. सहा दिवसांत पहिल्यांदा सलग चार तास. देवानं काय केलं असं कोणी विचारलं तर मी आधी ही झोप सांगतो. ऑपरेशन नंतर.

दुसऱ्या संध्याकाळी आईनं परत तेच वाचायला लावलं आणि यावेळी विसाव्या वचनावर गाडी अडली. तो त्याची सगळी हाडं सांभाळतो, त्यातलं एकही मोडत नाही. माझी जीभ अडखळली, खरंच. समोर वजनं लावून ताणलेला पाय, उशाशी एक्सरेची पिवळी पिशवी, आणि मी वाचतोय एकही मोडत नाही. मी पटकन पुढच्या वचनावर उडी मारली. आई म्हणाली, "गाळलंस." मी काही बोललो नाही. तीच म्हणाली, "माझं तर मोडलं की."

मग बराच वेळ ती पंख्याकडे बघत होती. आणि मग जे म्हणाली ते मी जसंच्या तसं लिहितो. "योहानात काढ, वधस्तंभावरचं. शिपाई आले, बाकीच्या दोघांच्या तंगड्या मोडल्या, प्रभूच्या नाही मोडल्या, कारण तो आधीच गेला होता. त्याचं हाड एक मोडलं नाही, पण जीव गेला. मग सोडवणं हाडावर थोडंच आहे? तिसऱ्या दिवशी काय झालं त्यावर आहे."

योहानाचं शुभवर्तमान, अध्याय एकोणीस, वचन छत्तीस. मी काढून बघितलं. तिथे योहान लिहितो की त्याचं हाड मोडणार नाही हा शास्त्रलेख पूर्ण व्हावा म्हणून असं झालं. वल्हांडण सणाच्या बळीच्या कोकराचं हाड मोडू नये हा निर्गम या पुस्तकातला नियम आणि हे स्तोत्र, दोन्ही तिथे येऊन मिळतात. ज्या एका नीतिमानाच्या बाबतीत हे वचन अक्षरशः खरं झालं, तोच मेला. आणि उठला. एवढी मोठी गोष्ट माझ्या आईनं, सातवी शिकलेल्या बाईनं, पाय टांगलेला असताना, चहाच्या वेळेला सांगितली आणि मग मला म्हणाली बिस्किट मऊ पडलंय दुसरं दे.

त्याच्या आधी एकोणिसावं वचन आहे, नीतिमानाला कष्ट पुष्कळ, पण परमेश्वर त्याला त्या सगळ्यांतून सोडवतो. मला आवडतं की तिथे "पुष्कळ" म्हटलंय. आपल्याकडे काही लोक सांगतात की विश्वास ठेवला की त्रास होत नाही, आणि त्रास झाला की म्हणतात विश्वास कमी पडला. आई पडल्यावर असं बोलून गेलेलं एक माणूस मला अजून खटकतं. ज्याला हे वचन कोणी नीट वाचून दाखवलंय तो असं बोलणार नाही.

परत पुस्तकावर येतो. भाषा जुन्या वळणाची आहे आणि त्याबद्दल तक्रार ऐकलीय मी, तरुण मंडळींना जड जातं म्हणतात. अठराव्या वचनात "भग्नहृदयी" असा शब्द आहे. माझ्या मुलीनं विचारलं म्हणजे काय, तर आई म्हणाली काळीज फुटलेला. परमेश्वर काळीज फुटलेल्यांच्या जवळ असतो. आता दोन्ही शब्द ऐका. मला पुस्तकातलाही हवा आणि आईचाही हवा. आठव्या वचनात परमेश्वर किती चांगला आहे याचा अनुभव घेऊन बघा असं आहे, मूळ हिब्रू शब्द चव घेण्याचा आहे, चाखून बघा. म्हणून फार जुन्या काळापासून हे वचन प्रभुभोजनाशी जोडलेलं आहे, चौथ्या शतकात यरुशलेमेत भाकर आणि द्राक्षारस घेताना ते गायचे. येशूचा शिष्य पेत्र यानं पण आपल्या पहिल्या पत्रात हे स्तोत्र घेतलंय, छळ सोसत इकडेतिकडे पांगलेल्या लोकांना लिहिताना. भाषांतरात एक गोष्ट मात्र हरवते आणि त्याला इलाज नाही, मूळ स्तोत्र हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमानं रचलंय, एकेक वचन एकेक अक्षरानं सुरू होतं, मधलं एक अक्षर सुटलंय आणि शेवटी एक वचन जास्तीचं आहे. म्हणजे आपण क, ख, ग नं ओव्या बांधाव्यात तसं. मला हे कळलं तेव्हा वाटलं, हा माणूस गुहेत बसून भीतीतून सुटण्याची बाराखडी गिरवतोय.

भाषेवरून आठवलं, मराठीत हे पुस्तक आपल्याला आयतं मिळालेलं नाही. नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, बंगालात सेरामपूरला १८११ साली छापला गेला, मग अमेरिकन मिशनची माणसं इथे मुंबईत आली, त्यांनी छापखाना घातला, आणि त्या छापखान्यात मराठी टायपाचं जे काम झालं त्यातून आमचा सगळा धंदा उभा राहिला, निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी लहान वयात तिथेच कामाला होते. बाइंडरनं एवढं तरी माहीत ठेवावं. पंडिता रमाबाईंनी तर केडगावला स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून, गावातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत सगळं भाषांतर केलं. त्यांच्या मुक्ती मिशनातल्या बायकामुलींनीच त्याचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले आणि छपाई केली. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, ग्रंथ १९२४ ला बाहेर आला. परित्यक्ता, विधवा, दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरींनी खिळ्यावर खिळा ठेवून "काळीज फुटलेल्यांच्या जवळ" या अर्थाची ओळ जुळवली असेल तेव्हा काय वाटलं असेल त्यांना, हा विचार मला खिळे जुळवणी बघितलेला माणूस म्हणून सोडत नाही. उलटी अक्षरं, एकेक उचलून, बोटं काळी.

आता एक गुण का कापला ते. पहिलं वजन, ते सांगितलं. झोपलेल्या माणसाला एकट्यानं झेपत नाही, उशी लावून टेकवावं लागतं. दुसरं, मजकूर मोठा केलाय पण वचनांखालचे संदर्भ आणि स्तोत्रांच्या वरच्या ओळी तशाच बारीक ठेवल्यात. अहो, आईला वरची ओळच तर हवी होती! ज्याला मजकुरासाठी मोठा टाइप लागतो त्याला वरची ओळ छोट्या टायपात कशी दिसेल? तिसरं, खुणेची फीत एकच आणि तिचं टोक जाळलेलं नाही, महिन्याभरात दोरे सुटले. मी मेणबत्तीवर टोक जरा शेकून घेतलं, तुम्हीही घेतल्या घेतल्या करा. चौथं, पुठ्ठा आणि पहिलं पान जोडतात तिथे कागद कमी पडलाय, रोज उघडझाप केली की तिथूनच पहिलं तुटणार. माझं पावसात भिजल्यावर तिथे सुटलंच. मी आत जाळीचं कापड लावून, सरसानं बसवून, रात्रभर दाबाखाली ठेवलं, आता नव्यापेक्षा घट्ट आहे, पण सगळ्यांच्या घरी बाइंडर नसतो. छापणाऱ्यांनी एवढं एक कापड वाढवलं तर किंमत फार वाढणार नाही, मी हिशेब करून सांगू शकतो.

दुकानाला मात्र पाचपैकी पाच. भिजल्यावर मी परत गेलो होतो विचारायला की बदलून मिळेल का. माझ्याच हातून भिजलंय म्हटल्यावर काका म्हणाले बदलून नाही देता येणार, पण वाळवायचं कसं ते सांगतो, पानांमध्ये ब्लॉटिंगचे तुकडे घालून उभं ठेवा, उन्हात नको. मी त्यांना सांगितलंच नाही की मी बाइंडर आहे. त्यांचं अगदी बरोबर होतं. आईचं विचारलं, नाव लिहून घेतलं प्रार्थनेसाठी.

हॉस्पिटलातली एक गोष्ट राहिली. आईच्या शेजारच्या खाटेवर चिपळूणकडच्या एक मावशी होत्या, मनगट आणि बरगड्या, रिक्षा उलटली होती. गळ्यात तुळशीची माळ. मी रोज संध्याकाळी वाचायचो तेव्हा त्या डोळे मिटून पडलेल्या असायच्या, मला वाटायचं झोपल्यात, म्हणून मी आवाज कमी करायचो. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "अहो दादा, जरा मोठ्यानं म्हणा की, ते दीन हाक मारतो तिथपासून." सहावं वचन, या दीनानं हाक मारली आणि परमेश्वरानं ऐकली. मी मोठ्यानं वाचलं. त्या म्हणाल्या आमच्या हरिपाठाला बसल्यासारखं वाटतं. आई म्हणाली, बसा मग रोज. त्यानंतर सात वाजले की पलीकडच्या दोन खाटांवरच्या बायकाही कूस वळवून या बाजूला तोंड करायच्या. सिस्टर एकदा गोळ्या द्यायला आल्या त्या ट्रे हातात धरून शेवटापर्यंत उभ्या राहिल्या.

ऑपरेशन शेवटी सोळाव्या दिवशी झालं, खुब्याचा गोळा बदलला. सकाळी स्ट्रेचरवर नेताना आईनं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली तू आता भिऊ नको. मी तिला धीर द्यायचा तर ती मला देत होती. दारापर्यंत गेलो, पुढे जाऊ देत नाहीत. अडीच तास. मी पुस्तक उघडलं नाही, चौथं वचन तेवढं म्हणत राहिलो. भीती वाटली का, वाटली. पण ती माझ्या शेजारी बसली होती, माझ्या छातीवर नव्हती. याहून नीट मला सांगता येत नाही.

आता आई वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाते. पुस्तक टेबलावर पाटाच्या उतारावर ठेवलंय, मीच पाट तिरका करून दिलाय, म्हणजे वजनाचा प्रश्न सुटला. स्वतः वाचते, बोट ठेवून, रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती पदं मध्ये मध्ये गुणगुणत. प्रेसचं अजून नक्की नाही, भिवंडीला रोज जाऊन यायचं तर पहाटे निघावं लागेल, ठरेल तसं ठरेल.

आणि चिपळूणच्या मावशींचं. डिस्चार्जच्या दिवशी म्हणाल्या, तेवढं एक पान मला मोठ्या अक्षरात मिळेल का हो. आख्खं पुस्तक पावणेदोन किलोचं, मनगट प्लास्टरमध्ये, त्या धरणार कसं. मी प्रेसमध्ये कॉम्प्युटरवाल्या पोराकडून चौतिसावं स्तोत्र चोवीस पॉइंटात लावून घेतलं, वरची बारीक ओळ पण चोवीसमध्येच, आठ पानं, मधोमध दोरा, बाहेरून उरलेल्या आर्ट कार्डाचं निळं कव्हर. वजन काहीच नाही, एका हातात राहतं. एक मावशींना दिलं. मग पलीकडच्या खाटांसाठी दोन. मग आईनं मंडळीतल्या म्हाताऱ्यांसाठी वीस करायला लावले, मी रविवारी दुपारी बसून शिवले, मुलीनं घड्या घातल्या.

म्हणून छापणाऱ्यांना एक विनंती. मोठ्या टायपातलं आख्खं पवित्र शास्त्र चालू ठेवाच, पण स्तोत्रसंहिता वेगळी काढा, याहून मोठ्या अक्षरात, चार-पाच पातळ भागांत, दोऱ्यानं शिवलेली, पडून एका हातात धरता येईल अशी. हॉस्पिटलातल्या प्रत्येक वॉर्डात लागते. शिवायला माणूस कमी पडला तर मी आहे.

घेणाऱ्यांसाठी शेवटचं, दुकानात पुस्तक हातात घेतलं की मधोमध उघडून टेबलावर ठेवा आणि हात काढा. उघडं राहिलं तर घ्या, आपोआप मिटलं तर दुसरं मागा.